दसरा झाला की टेस्टर लाल: रिस्ट बँड आणि अर्थिंगचा दरवर्षीचा घोळ

खंडेनवमीला मशिनांना झेंडूच्या माळा चढल्या, पेढे वाटून झाले, की पुढच्या पंधरा दिवसांत आमच्याकडे एक तक्रार ठरलेली: "दादा, टेस्टर परत लाल दाखवतोय." मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका छोट्या युनिटमध्ये मेंटेनन्स बघतो. काम सर्किट बोर्ड भरायचं, सोल्डरिंगचं आणि टेस्टिंगचं. अंगावर साठलेल्या स्थिर विजेने, म्हणजे स्टॅटिकने, बोर्डावरचे भाग मरतात. म्हणून प्रत्येकाच्या मनगटावर रिस्ट बँड असतो आणि तो कॉर्डने अर्थला जोडलेला असतो. ही वाट नीट आहे की नाही ते टेस्टर सांगतो: हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे नाही. पाऊस असेपर्यंत रिस्ट बँडकडे कुणी ढुंकून बघत नाही. दसऱ्यानंतर हवा कोरडी होते, निफाडच्या थंडीच्या बातम्या यायला लागतात आणि आमच्या गेटजवळच्या टेस्टरपुढे रांग तुंबते. हेच इतक्या वेळा दुरुस्त केलंय की आता लक्षण ऐकूनच बहुधा कळतं, हात कुठे घालायचा. म्हणून आधी लक्षणं.

लक्षणं

सकाळी शिफ्टला येताना लाल, चहाच्या सुट्टीनंतर हिरवा. बँड तोच, माणूस तोच. यात बँडचा दोष क्वचित असतो, कोरड्या त्वचेचा असतो.

एकाच व्यक्तीला कुठलाही बँड दिला तरी लाल, आणि तिचाच बँड शेजारणीने घातला की हिरवा. हेही त्वचेचंच, नाहीतर बांगड्यांचं.

मनगट हलवलं की हिरवा-लाल-हिरवा. कॉर्ड आतून तुटलेली आहे.

आल्यागेल्या प्रत्येकाला लाल. टेस्टर बघा, माणसं सोडा.

रॅकला किंवा ट्रॉलीला हात लावला की चट्‌. हिल स्ट्रॅप (टाचेला बांधायची, अंगावरचं स्टॅटिक फरशीत सोडणारी पट्टी) किंवा फरशी.

आणि सगळ्यात वाईट: टेस्टर हिरवा, रजिस्टरवर सगळ्यांच्या सह्या, तरी एकाच टेबलावरचे बोर्ड फायनल टेस्टला मरतायत. किंवा इथे पास झालेले बोर्ड गिऱ्हाइकाकडे जाऊन महिन्या-दोन महिन्यांत बंद पडतायत. स्टॅटिकने भाग दर वेळी जागेवर मरत नाही, कधी अर्धा जखमी होऊन पुढे जातो. इथे दोष टेबलाच्या अर्थिंगमध्ये किंवा मॅटवर (टेबलावर अंथरलेली, अर्थला जोडलेली चटई) ठेवलेल्या प्लास्टिकमध्ये सापडतो.

एक गैरसमज आधी काढून टाकतो. "मला तर काही चटका बसत नाही" असं लाइनवर रोज कोणीतरी म्हणतं. माणसाला चटका जाणवायला अंगावर साधारण ३००० व्होल्ट साठावे लागतात. बोर्डावरचे कित्येक भाग १०० व्होल्टला बिघडतात, काही त्याच्याही आत. तुम्हाला चटका बसेपर्यंत तो भाग कधीच वारलेला असतो.

फुकटातल्या तपासण्या

टेस्टरपासून सुरुवात करा, कारण तो चुकत असेल तर पुढची सगळी मेहनत वाया. बँड न घालता, कॉर्ड न लावता बटणाच्या पत्र्यावर बोट दाबा. लाल यायला हवा. हिरवा आला तर टेस्टर बाद. मग कॉर्ड टेस्टरमध्ये लावून तिचं दुसरं टोक, म्हणजे बँडला लागणारं बटण, थेट त्या पत्र्याला टेकवून दाबा. आता हिरवा यायला हवा, कारण मध्ये फक्त कॉर्डमधला रेझिस्टर आहे. नाहीच आला, तर दुसऱ्या, नव्या कॉर्डने तेच करा. तरीही लाल, तर आधी ९ व्होल्टची बॅटरी बदला. दोन वर्षांपूर्वी मी अर्धा दिवस बँड बदलत बसलो होतो आणि शेवटी सापडलं काय, तर पूजेत टेस्टरलाही हळदकुंकू वाहिलेलं, वर गंधाचं बोट. बटणाच्या पत्र्यावर वाळलेल्या गंधाची पापडी बसली होती. ओल्या कापडाने पुसलं, लाइन चालू. तेव्हापासून टेस्टरची पूजा होते, पण गंध डब्याच्या बाजूला लागतं.

टेस्टर नवा घेतला असेल तर त्याची मर्यादाही बघा. रिस्ट बँड घातलेल्या माणसासकट पूर्ण मार्गाचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, ३५ मेगाओहमच्या आत असावा, असं एएनएसआय ईएसडी एस२०.२० हे मानक सांगतं (ईएसडी म्हणजे स्टॅटिकचा झटका). काही टेस्टर मात्र १० मेगाओहमलाच लाल होतात. थंडीत कोरड्या मनगटाचा माणूस या दोन्हीच्या मधोमध सापडतो. टेस्टरमागे ही मर्यादा बदलायचा स्विच असेल तर तो कुठे आहे ते बघून ठेवा. पण लाल जावा म्हणून मनाने सरकवू नका, आधी तुमच्या गिऱ्हाइकाने कोणती मर्यादा मागितली आहे ते विचारा.

आता मनगट. बँड बाहीवर नको, थेट कातडीवर हवा. आतला धातूचा पत्रा कातडीला टेकलेला हवा. सैल बँड हा सगळ्यात जास्त आढळणारा दोष, कारण घट्ट बँडचा वळ उठतो आणि तो कुणालाच आवडत नाही. बँडखाली करंगळी सरकत नसेल इतपत घट्ट पुरे. बांगड्या हे आमच्याकडचं खास प्रकरण. बांगड्या कोपराकडे सारल्या तरी काम करताना घरंगळून खाली येतात आणि बँड उचलून धरतात. "काढा" म्हणायची सोय नाही, म्हणूही नये. दुसऱ्या हातात बँड घालायचा. दोन्ही हात भरलेले असतील तर बँड बांगड्यांच्या वर, कोपराच्या बाजूला चढवायचा. मनगटावरच्या गंड्यादोऱ्याचंही तेच, दोरा बँडखाली नको.

कोरडी त्वचा. नाशिकच्या जानेवारीत सकाळी सातला सिडकोतून दुचाकीवर आलेल्या माणसाचे हात बघा, पांढरे पडलेले असतात. घाम नाही, ओल नाही, मग वीज कातडीतून बँडच्या पत्र्यात शिरणार कशी? यावर लोक घरचा उपाय करून येतात: खोबरेल तेल. ते अगदी उलटं. तेल आणि पेट्रोलियम जेली दोन्ही वीज अडवतात. कातडी मऊ होते आणि टेस्टर आणखी लाल. साध्या पाण्याने मनगट ओलं केलं तर हिरवा येतो, पण पाणी उडून गेलं की टेबलावर परत तेच, आणि टेबलावर टेस्टर नसतो. पाण्याच्या बेसचं, सिलिकोन नसलेलं मॉइश्चरायझर मनगटापुरतं लावायचं. बोटांना नको, ते बोर्डाला लागलं की सोल्डर धरत नाही. आमच्याकडे एका ताईंना दर हिवाळ्यात लाल यायचा आणि त्यांना वाटायचं आपल्या अंगातच काहीतरी खोट आहे. क्रीमची एक बाटली टेस्टरजवळ ठेवली, प्रश्न मिटला.

थोड्या खर्चाच्या

कापडी बँडच्या आतल्या बाजूला वीज वाहून नेणारे बारीक धागे विणलेले असतात. सहा महिन्यांचा घाम, मळ आणि फ्लक्स (सोल्डरिंगला लागणारा चिकट पदार्थ) त्यावर बसला की कातडी आणि धागा यांच्यात एक थर तयार होतो. साध्या साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळू द्या, परत टेस्ट करा. धुऊनही लाल आणि आतले धागे काळे पडून झिजलेले दिसत असतील तर बँड फेका.

कॉर्डसाठी मल्टिमीटर घ्या, २ मेगाओहमच्या रेंजवर ठेवा. एक प्रोब कॉर्डच्या बँडला लागणाऱ्या बटणावर, दुसरी केळी पिनेवर (कॉर्डची सॉकेटमध्ये जाणारी पिन). साधारण १ मेगाओहम दिसायला हवा. इथे एक चूक सगळे करतात: दोन्ही प्रोब दोन हातांच्या चिमटीत पकडतात. मग मीटरला कॉर्डबरोबर तुमचं अंगही समांतर जोडलेलं दिसतं आणि आकडा कमी येतो. एक टोक क्रोकोडाइल क्लिपने धरा. आकडा दिसायला लागला की कॉर्ड दोन्ही टोकांच्या मानेजवळ हळूहळू वाकवत जा. गुंडाळीची वायर मधे तुटत नाही, जिथे ती पिनेत शिरते तिथे तुटते. वाकवताना आकडा उडून मीटरवर नुसता १ राहिला, तर कॉर्ड गेली. टेप लावून जोडू नका, नवी आणा.

तो १ मेगाओहमचा रेझिस्टर का असतो, हे एकदा समजून घ्या, कारण तो 'अडथळा' समजून काढून टाकणारे हुशार मी पाहिलेत. समजा बँड घातलेला असताना तुमचा दुसरा हात चुकून २३० व्होल्टला लागला. २३० भागिले दहा लाख ओहम, म्हणजे ०.२३ मिलिअँपिअर. एवढा करंट सहसा जाणवतही नाही. आता रेझिस्टर काढून साधी वायर जोडा: तुम्ही एका हाताने अर्थला पक्के बांधलेले आणि दुसऱ्या हातात फेज. आधीच्या एका ठिकाणी मी एका मुलाच्या मनगटावर अशी घरी केलेली कॉर्ड बघितली होती, इस्त्रीच्या वायरचा तुकडा. ती तिथल्या तिथे कापली. स्टॅटिक काढायला मेगाओहममधूनही पुरेशी वाट मिळते, अंगावरचा भार, म्हणजे साठलेली स्थिर वीज, डोळ्याची पापणी लवायच्या आत उतरतो. रेझिस्टर काढून काही फायदा नाही, फक्त धोका.

जाता जाता: बिनवायरचे रिस्ट बँड ऑनलाइन मिळतात, दिसायला झकास. त्यावर पैसे घालू नका. भार अंगावरून जमिनीत जायला वाट लागते. वायरच नाही तर वाट कसली? ते मनगटावरचं कडं आहे, एवढंच.

टेस्टर जे बघत नाही

गेटवरचा टेस्टर तुम्ही, बँड आणि कॉर्ड एवढंच तपासतो. तुम्ही टेबलावर जाऊन ज्या सॉकेटमध्ये पिन खुपसता, ते सॉकेट पुढे कशाला जोडलेलं आहे, याचा त्याला पत्ता नसतो.

आमचं सात नंबरचं टेबल. ऑक्टोबरच्या शेवटी त्या एका टेबलावरचे बोर्ड नापास व्हायला लागले. तिथल्या दोघींचे बँड बदलले, कॉर्ड बदलल्या, टेस्टर रोज हिरवा. शेवटी टेबलाखाली आडवा झालो. मॅटची आणि बँडच्या सॉकेटची वायर एका बोल्टवर येऊन टेबलाच्या पायाला कसलेली होती, अगदी घट्ट. आणि त्या बोल्टखाली छान राखाडी रंग. खंडेनवमीच्या आधी टेबलं रंगवायला वायरी सोडल्या होत्या, रंग वाळल्यावर रंगावरच परत कसल्या. मीटरला सॉकेट ते अर्थ पट्टी (हॉलमधल्या अर्थच्या वायरी जिथे येऊन मिळतात ती) काहीच वाट दिसेना. वॉशरखालचा रंग पॉलिश पेपरने घासून चकचकीत पत्रा काढला, दातेरी वॉशर टाकून बोल्ट कसला. मीटरवर ओहमाच्या खाली आकडा. त्या टेबलावर तीन आठवडे दोन बाया रोज बँड घालून, कशालाही न बांधलेल्या, काम करत होत्या.

तेव्हा मीटरने हे बघा: टेबलावरच्या बँडच्या सॉकेटपासून हॉलच्या अर्थ पट्टीपर्यंत रोध एक-दोन ओहमच्या आत हवा. मॅटच्या कॉर्डमध्येही बऱ्याचदा १ मेगाओहम असतो, तो वेगळा. पण सॉकेटची वायर सरळ हवी. एका मॅटमधून दुसऱ्या मॅटला, दुसऱ्यातून तिसऱ्याला अशी माळ ओवलेली असेल तर तोडा. मधला एक जोड सुटला की पुढची सगळी टेबलं अधांतरी. सॉकेट ढिलं होऊन केळी पिन आपोआप गळून पडत असेल तर तेही इथेच सापडेल.

मॅट स्वच्छ दिसते म्हणून चांगली असते असं नाही. काच पुसायच्या किंवा चमक आणणाऱ्या फवाऱ्याने मॅट पुसली की सिलिकोनचा पातळ थर बसतो आणि मॅट साध्या रेक्झिनसारखी वागते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंवा मॅटच्या खास क्लीनरने पुसा. साध्या मल्टिमीटरने मॅट मोजायला जाऊ नका. चांगल्या मॅटचा रोध दहा लाख ते शंभर कोटी ओहम असतो, मीटर तिथे नुसतं 'ओपन' दाखवतो आणि चांगली मॅट भंगारात जाते.

मग मॅटवर काय ठेवलंय ते बघा. लॅमिनेट केलेला वर्क चार्ट, थर्माकोल, पाण्याची बाटली, डब्याची पॉलिथिनची पिशवी. प्लास्टिकला अर्थ जोडून काही होत नाही, कारण त्याच्यातून वीज वाहतच नाही. भार आहे तिथेच बसून राहतो. बँड माणसाला उतरवतो, पिशवीला नाही. अशा वस्तू बोर्डापासून किमान फूटभर लांब ठेवा, कामालाच लागत असतील तर त्या टेबलावर आयोनायझर (हवेत आयन सोडून असा भार उतरवणारं यंत्र) लागेल. स्वेटरचंही तसंच: बँड घातलेला असला तरी लोकरीची बाही बोर्डावरून फिरते. स्वेटरवर ईएसडीचा कोट घालायचा, बटणं लावून, बाही पूर्ण झाकून.

पाय आणि फरशी

हिल स्ट्रॅप फक्त उभ्याने काम करणाऱ्यांसाठी. बसलेला माणूस पाय फूटरेस्टवर घेतो, अधांतरी ठेवतो. त्याला बँडच हवा. स्ट्रॅप दोन्ही पायांत घाला, कारण चालताना एक पाय नेहमी हवेत असतो. त्याची पट्टी बुटाच्या आत, मोज्याखाली किंवा टाचेखाली जायला हवी. निम्म्या वेळा ती बाहेर लोंबताना दिसते. सकाळी कोऱ्या मोज्यांत लाल येतो, दहा मिनिटं चाललं की पायाच्या ओलीने हिरवा होतो, त्यात बिघाड नाही. फरशी ईएसडीची असेल तर ती कोण आणि कशाने पुसतं ते विचारा. सणाला फरशी चमकावी म्हणून कुणीतरी पॉलिश मारलेलं असतं. ते साफ उतरवेपर्यंत हिल स्ट्रॅप बदलून उपयोग नाही.

हवेचं म्हणाल तर भिंतीवर साधा आर्द्रतामापक टांगा. ईएसडी असोसिएशनच्या तक्त्यात टेबलावर काम करणाऱ्या माणसाच्या अंगावर १० ते २५ टक्के आर्द्रतेला ६००० व्होल्ट आणि ६५ ते ९० टक्क्यांना १०० व्होल्ट दिलेत. टेबलावरून उचललेल्या पॉलिथिनच्या पिशवीचे तर २०,००० आणि १२००. पावसाळ्यात सगळं सुरळीत का चालतं, ते या आकड्यांत आहे. तेव्हाही रंगावर कसलेला बोल्ट तसाच असतो, फक्त दमट हवा त्याला पोटात घालते. फरशीवर पाणी शिंपडणं, हॉलमध्ये कूलर लावणं असले उपाय मात्र बोर्डाजवळ नकोत.

इथे थांबा

टेबलाला किंवा इस्त्रीला, म्हणजे सोल्डरिंगच्या, हात लावला आणि मुंग्या आल्या, झिणझिण्या सतत येत राहिल्या, तर ते स्टॅटिक नाही. स्टॅटिक एकदा चटका देतं आणि संपतं. सतत झिणझिणी म्हणजे गळती किंवा तुटलेलं अर्थ. टेबलाचा सप्लाय बंद करा, सगळ्यांना बँड काढायला सांगा आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियन बोलवा.

अर्थ पट्टीपर्यंत सगळं ठीक आहे पण पट्टीवरच शंका आहे, तेव्हाही थांबा. आमच्याकडे वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली बेसॉल्टचा खडक. उन्हाळ्यात माती भेगाळते, अर्थ पिट (अर्थिंगचा जमिनीतला खड्डा) सुकतो, रोध वाढतो. पिटात पाणी घालणं तुमच्या हातात आहे. पिटाचा रोध मोजायला अर्थ टेस्टर आणि जमिनीत ठोकायच्या खुंट्या लागतात आणि पिट कसा असावा ते आयएस ३०४३ या भारतीय मानकात दिलेलं आहे. 'स्टॅटिकसाठी वेगळी सळई' म्हणून खिडकीबाहेर एक गज ठोकायचा मोह होतो. नका ठोकू. तो गज आणि बिल्डिंगचं अर्थ यांच्यात व्होल्टेज उभं राहिलं तर ते दोन हातांमध्ये घेऊन बसलेला माणूस टेबलावर असतो.

थिनर, पेंट बूथ, द्रावकाचे डबे जिथे आहेत, तिथे या लेखातलं काहीही स्वतः करून बघू नका. ३००० व्होल्टला माणसाच्या अंगावर साधारण ०.४५ मिलिज्यूल ऊर्जा असते आणि टोल्युइनची वाफ हवेत योग्य प्रमाणात मिसळली असेल तर पाव मिलिज्यूलला पेटते. तिथे सेफ्टीवाला लागतो.

मॅट, फरशी, खुर्च्या यांचा रोध मोजायचा असेल तर वजनदार इलेक्ट्रोडचा मीटर घेऊन ईएसडी ऑडिट करणारा बोलवा. त्याला कोणत्या टेबलाचे बोर्ड, कोणत्या तारखेपासून, त्या दिवशीची आर्द्रता किती आणि त्याआधी हॉलमध्ये काय धुतलं, रंगवलं, हलवलं, एवढं कागदावर लिहून द्या. आमच्या सात नंबरला ती शेवटची ओळ आधी लिहिली असती तर तीन आठवडे वाचले असते.

आणि चालू २३० व्होल्टवर, हाय-व्होल्टेज टेस्ट जिगवर काम असेल, तर बँड आणि हिल स्ट्रॅप दोन्ही काढून ठेवा. तिथे तुम्ही अर्थला बांधलेले नको आहात.